झोळीतली जागा

सेलूत माझं मांडव-स्पीकरचं दुकान आहे. लग्न असो, जयंती असो, प्रचारसभा असो की कुणाची तेरवी, खुर्च्या माझ्या आणि भोंगेही माझेच. पण माझं डोकं सगळ्यात जास्त कुठं उठत असेल तर कविसंमेलनात. लग्नात वाजंत्री दमतात, सभेतून पुढारी निघून जातो, कवी मात्र माईक सोडत नाही. "जाता जाता शेवटची एक" म्हणतो आणि चार म्हणून खाली उतरतो. मी ॲम्प्लिफायरमागं स्टूल टाकून बसतो. कोण कुठं आवाज खाली आणणार, कुठं डोळे मिटणार, कुठं टाळी पडणार, हे मला आधीच कळतं. इतकी वर्षं ऐकल्यावर माझ्या स्टुलालाही कळत असेल.

ह्या सगळ्या गर्दीत मला मनापासून आवडलेला कवी एकच, रामहरी गडदे. आणि ज्याचा मला अजूनही राग येतो असा कवीही तोच.

रामहरी मूळचा वालूरचा. बाप रायभान मेंढरं राखायचा. मायचं नाव म्हाळसाबाई. रामहरी घरातला पहिला शिकलेला. बारावी झाल्यावर सेलूच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर चिकटला आणि तिथलाच झाला. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. शेतकरी काट्याकडं डोळे लावून उभे असायचे आणि हा बाबा काट्याच्या खोलीत बसून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचा. लोकांना वाटायचं वजनाचा हिशोब करतोय. तो कविता करायचा.

कविता करायचा ती आमच्या बोलीत. हाय, न्हाई, जायलो, करायलो, कामून, हे सगळं जसंच्या तसं. तेव्हा परभणीकडचे मोठे कवी ऐकून गालात हसायचे. एक जण मला म्हणाला होता, "दिनकरराव, ह्यांना जरा भाषा सुधारायला सांगा." मी म्हटलं, "साहेब, तुमची कविता ऐकताना लोक चहाला उठतात, त्यांना बसायला सांगायचं काम आधी मला करू द्या." तेव्हापासून तो मला नमस्कार करत नाही. माझं काही अडलं नाही.

रामहरीची बापावरची कविता मी पहिल्यांदा ऐकली ती चुडाव्याला. पूर्णेच्या पुढं, रेल्वे स्टेशनचं गाव. तिथल्या मंडळानं संमेलन ठेवलं होतं आणि भोंगे माझे होते. दुपारची वेळ, समोर बरेच लोक, त्यातले निम्मे जेवणासाठी आलेले. रामहरी उठला. अंगात पांढरा शर्ट, हाताला कापसाचे तंतू चिकटलेले. त्यानं वर बघितलं नाही, सरळ सुरुवात केली.

मेंढी वाटंत याली की
नाना घोंगडीची झोळी करतो.
कोकरू पाठीवर, मेंढी मागं,
अन् मी नानाच्या बोटाला.
कोकराला जागा व्हती पाठीवर,
मला न्हवती.
मी चालत चालत मोठा झालो.

नाना म्हणजे त्याचा बाप. तो बापाला नाना म्हणायचा, आणि म्हणून सगळं वालूर रायभानला नाना म्हणायचं. मेंढरं घेऊन लांबच्या शिवारात निघालं की वाटेत एखादी मेंढी विते. ओलं कोकरू कळपाबरोबर चालू शकत नाही. मग मेंढका घोंगडीची टोकं बांधून पाठीवर झोळी करतो आणि कोकरू त्यात टाकून चालत राहतो. हे आमच्याकडं सगळ्यांनी रस्त्यावर बघितलेलं असतं. पण त्या मेंढक्याचं बोट धरून चालणारं, पाय दुखणारं, त्या कोकराकडं बघत चालणारं पोरगं कुणी बघितलेलं नसतं. माझा आवाजाच्या बटणावरचा हात तसाच राहिला. पुढं कवितेत बाप घरी येतो, पायरीवर बसून पायातले काटे काढतो आणि पोराला विचारतो, दमलास का रं? कविता तिथं संपली.

टाळ्या पडल्या, पण भुरभुर पावसासारख्या. लोक हलले होते, पण आता काय करायचं हे त्यांना कळलं नाही. रामहरी पडलेल्या चेहऱ्यानं खाली बसला.

परतीच्या पॅसेंजरमध्ये आम्ही तिघं एका बाकावर होतो. मी, रामहरी आणि आबासाहेब. आबासाहेब म्हणजे आमच्या भागातले ज्येष्ठ कवी. कवितेपेक्षा त्यांचा आवाज ज्येष्ठ. त्यांनी तंबाखू मळत रामहरीला सांगितलं, "कविता लय चांगली हाय बाबा. पण तू लोकायला रडायच्या दारापस्तोर नेऊन उभं केलंस अन् दार उघडलंच न्हाईस. बाप मेल्याबिगर बापाची कविता उठत न्हाई."

"पर नाना तर जित्ता हाय," रामहरी म्हणाला.

"जित्ता असू दे की! शंभर वर्सं जगू दे. कवितेत मार."

मी हसलो. मला वाटलं रामहरीही हसेल. तो खिडकीतून बाहेर बघायला लागला आणि परभणी येईस्तोवर त्याचे ओठ हलत होते. सेलूला उतरलो तेव्हा शेवट तयार होता.

काल नाना गेला.
घोंगडी तेवढी खुंटीला हाय.
मी तिची झोळी करून बघतो,
आता तरी व्हईल का जागा माझी.

खरं सांगतो, शेवट चांगला होता. फार चांगला होता. पुढच्याच संमेलनात त्यानं तो म्हटला आणि "काल नाना गेला" ह्या ओळीला मांडवात अशी शांतता पडली की माझ्या जनरेटरची मला लाज वाटली. मग बाया पदर डोळ्याला लावायला लागल्या. टाळ्या थांबेनात. आयोजकानं त्याला मिठी मारली. रामहरीच्या चेहऱ्यावर एकाच वेळी आनंद होता आणि चोरी पकडल्यासारखं काहीतरी होतं.

त्यानंतर ही कविता त्याला सोडेना. जिंतूर, मानवत, गंगाखेड, पार नांदेडपर्यंत त्याला बोलावणी येऊ लागली. आणि बोलावलं कुठंही असो, मागणी एकच. "गडदेसाहेब, बाप होऊ द्या." त्यानं कापसावर लिहिलं होतं, बायकोच्या हातावर लिहिलं होतं, जिनिंगमध्ये झाडणाऱ्या बायांच्या खोकल्यावर एक कविता लिहिली होती, तशी मी पुन्हा ऐकली नाही. पण लोकांना बाप पाहिजे होता, आणि तोही मेलेला.

ह्यातून भलत्याच भानगडी झाल्या. एका गावात एक म्हातारे गृहस्थ त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "कवा गेले वडील?" "झाले... दिवस," रामहरी म्हणाला. त्या गृहस्थांनी डोळे पुसले. दुसऱ्या गावात एका मंडळानं वडिलांच्या स्मृतीला म्हणून त्याला उबदार शाल दिली. आता शाल घेऊन तो काय करणार? वालूरला गेला तेव्हा त्यानं ती बापाच्या अंगावर घातली. रायभाननानांनी तो सगळा हिवाळा आपल्याच स्मृतीची शाल पांघरून मेंढरं राखली. मी ही गोष्ट ऐकून इतका हसलो की मला ठसका लागला. रामहरी हसला नाही. तो म्हणाला, "दिनकरराव, ते शालीचं खरं सांगितलं न्हाई मी घरी. नाना सगळ्यायला दाखवत फिरायलेत, माज्या रामहरीनं आनली म्हून."

तेव्हापासून त्यानं एक पथ्य पाळलं. वालूरच्या आसपास कार्यक्रम घ्यायचा नाही. पण गावाला कळायचं ते कळतंच. आपल्या पोरानं आपल्यावर कविता केली आहे आणि ती ऐकून लोक रडतात, एवढं नानांच्या कानावर गेलं. त्यांना फार मोठा आनंद झाला. म्हातारा अंगठेबहाद्दर, पण जात्यावरच्या ओव्या, भजनं, वगातले सवाल-जवाब सगळं तोंडपाठ. रामहरी गावी गेला की त्याला पाणी प्यायला देऊन ते समोर बसायचे आणि म्हणायचे, "म्हन की रं माजी कविता."

"म्हनतो नाना. आता घसा बसलाय."

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. "म्हन की."

"आता गाडी जाईल माजी. पुढल्या बारीला."

ह्या माणसाचं एक कळायला पाहिजे होतं मला, ते उशिरा कळलं. मी त्याला एकदा दुकानात बसवून सरळ विचारलं. "अरे, एवढं काय अवघड आहे? शेवट गाळ आणि म्हण. बापाला मारू नको, झालं."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "शेवट गाळला की काय उरतं, दिनकरराव? कोकराला जागा व्हती, मला न्हवती. हे मी नानाच्या तोंडावर म्हनू? लोकायपुढं म्हनताना ती कविता व्हती. नानापुढं म्हनली की ती तक्रार व्हते. म्हातारपनी बापाला म्हनायचं, तू मला चालवलंस, उचललं न्हाईस?"

मेलेल्या बापाच्या शेवटाची त्याला भीती नव्हती. जिवंत बापापुढं ती एक ओळ उभी करायची भीती होती. आणि ती ओळ त्याच्या मनात लहानपणापासून रुतलेली होती. सहा-सात वर्षांचा असताना उन्हातान्हात मेंढरामागं चाललेला, पाय भाजलेले, आणि डोळ्यापुढं बापाच्या पाठीवर डुलत जाणारं कोकरू. त्यानं ते मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज संमेलनातल्यासारखा नव्हता. लहान पोरासारखा होता.

त्यानं नवे शेवट लिहून बघितले. एकात नाना पायरीवर बसून चहा पितात. एकात पोरगं मोठं होऊन बापाला मोटारसायकलवर बसवतं. एकात दोघं काहीच न बोलता मेंढरांकडं बघत बसतात. मला तो शेवटचा बरा वाटला. त्याला एकही पटला नाही. "मेल्याशिवाय माजा नाना कवितेत जगंनाच," असं म्हणून तो निघून गेला.

मग वालूरकरांनीच त्याचा सत्कार ठरवला. गावचा कवी म्हणून. नाही कसं म्हणणार? बारवेजवळच्या मोकळ्या जागेत मांडव मीच घातला. पुढच्या रांगेत मधोमध नाना. डोक्याला गुलाबी फेटा, अंगावर ती शाल, वैशाखाच्या उकाड्यात! शेजारी म्हाळसाबाई आणि त्यांच्या पलीकडं रामहरीची मुलगी दीपिका. ती परभणीला नर्सिंग शिकत होती. सत्कार झाला, नारळ झाला, भाषणं झाली. रामहरी उभा राहिला आणि मागून आवाज आला, "बाप! बाप म्हणा!" सगळा मांडव तेच म्हणायला लागला.

मी स्टुलावरून त्याच्याकडं बघत होतो. त्यानं पुढच्या रांगेकडं बघितलं आणि कापसावरची कविता सुरू केली. गावानं ती शांतपणे ऐकली. टाळ्याही दिल्या, पाहुण्याला द्याव्यात तशा. तो खाली बसणार तेवढ्यात नाना उठले, काठी टेकत स्टेजपाशी आले आणि वर बघून म्हणाले, "रामहरी, माजी म्हन की रं."

माईक चालू होता. सगळ्या गावानं ऐकलं.

"नाना, ती लय मोठी हाय. घरी म्हनतो मी तुमाला. निवांत."

"घरी?"

"घरी."

नाना मान हलवून परत जागेवर जाऊन बसले. त्या संध्याकाळी रामहरी घरी जेवला, आणि मी टेम्पो भरून निघालो तेव्हा माझ्याच गाडीत बसून सेलूला आला. ड्युटी आहे म्हणाला. वैशाखात जिनिंग बंद असतं, हे मला ठाऊक होतं आणि नानांनाही ठाऊक असणार. नाना दारात उभे होते. मी त्या दिवशी रस्ताभर त्याच्याशी बोललो नाही. मला राग आला होता, तो तेव्हापासूनचाच.

पुढं अधूनमधून भेट झाली की मी त्याला विचारायचो, म्हटली का? तो म्हणायचा, म्हणतो की. नाना थकत चालले. मेंढरं विकली, चार शेळ्या ठेवल्या. विचारायचं मात्र सोडलं नाही त्यांनी. फोनवरही म्हणायचे, "मग कवा?" रामहरी म्हणायचा, "दिवाळीत." दिवाळीत कापसाचा हंगाम. "संक्रांतीला." संक्रांतीला कुठंतरी संमेलन. तिथं तो ती कविता म्हणायचा, आणि लोक रडायचे.

गेल्या पौषात नानांच्या छातीत पाणी झालं. परभणीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. रामहरी काटा सोडून धावला. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा म्हातारा शुद्धीवर होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे मात्र तल्लख. मला बघून त्यांनी हात उचलला. मग रामहरीकडं वळून ते मास्कच्या आतून काहीतरी म्हणाले. ऐकू आलं नाही, पण आम्हा दोघांनाही कळलं.

रामहरीनं खुर्ची पुढं ओढली. बापाचा हात हातात घेतला. त्याला माहीत होतं, आता घसा बसला म्हणता येणार नाही आणि गाडीही जायची नाही. त्यानं सुरुवात केली, अगदी हळू.

"मेंढी वाटंत याली की... नाना घोंगडीची झोळी करतो... कोकरू पाठीवर, मेंढी मागं... अन् मी नानाच्या बोटाला..."

तो थांबला. नाना त्याच्याकडं एकटक बघत होते. त्यांची मान हलत होती, हं, हं, पुढं. रामहरीचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. ही कविता त्यानं गावोगाव म्हटली होती. झोपेतून उठवून म्हणायला लावली असती तरी अडखळला नसता.

"पुढचं विसरलो, नाना," तो म्हणाला.

नानांनी मास्कला हात घातला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. ड्युटीवरची नर्स धावत आली, त्यांचा हात बाजूला करून मास्क पुन्हा नीट बसवला आणि आम्हाला बाहेर काढलं. "आजोबांना बोलू देऊ नका," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गेले.

तेरवीला मांडव माझाच होता. पैसे घ्यायचे नव्हते, घेतले नाहीत. कीर्तन झालं, पंगती उठल्या. आबासाहेब आले होते. आता चांगलेच म्हातारे झाले आहेत, आवाज तेवढा ज्येष्ठ आहे अजून. ते रामहरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता म्हन बाबा ती. आज तिचा दिवस हाय." दोन-चार जणांनी माना हलवल्या. मला वाटलं, हातातली वायर टाकून द्यावी आणि आबासाहेबांना मांडवाबाहेर नेऊन सोडावं. रामहरी नुसता हात जोडून उभा राहिला. थोड्या वेळानं लोक पांगले.

मी वायरी गुंडाळत होतो. रामहरी अंगणात एका खुर्चीवर बसला होता, म्हाळसाबाई भिंतीला टेकून खाली. दीपिका भांडी आत नेत होती. म्हाळसाबाई म्हणाल्या, "कामून म्हनली न्हाईस? लोक म्हनायले व्हते तर."

"माय, ती नानापुढं म्हनली न्हाई. आता कुनापुढं म्हनू? त्यायला ऐकायची व्हती, मी ऐकवली न्हाई."

"ऐकली व्हती की त्यायनं."

रामहरीनं मान वर केली.

"ह्या दीपीनं मोबाईलात घालून दिलती. नांदेडच्या कालेजातली. शेळ्या घेऊन जायचे अन् बारवेवर बसून ऐकायचे. तुला सांगू न्हाई म्हून मला शपत घातलती. समद्या गावाला ठावं व्हतं. लोक चिडवायचे, नाना, तुमच्या पोरानं तर तुमाला उरकून टाकलं. तर हसायचे."

रामहरी खुर्चीतून पुढं वाकला. "सगळी ऐकायचे?"

"न्हाई. 'काल नाना गेला' आलं की बंद करायचे. म्हनायचे, हितवर माजी हाय. म्होरलं त्याचं हाय, त्याचं त्यो बगंल."

दीपिका दारात थांबली होती. ती हळूच म्हणाली, "पप्पा, मी सांगणार होते तुम्हाला. आजोबा म्हणाले, त्याला वाईट वाटंल. त्यो आपुन होऊन म्हनू दे."

"मग विचारायचे कामून मला सारखं?" रामहरी मायला म्हणाला. "ऐकली व्हती तर कामून म्हन म्हन म्हनायचे?"

म्हाळसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "त्यायला तुला एक सांगायचं व्हतं. म्या किती बारी म्हनलं, सांगून टाका की. तर म्हनायचे, न्हाई. चोरून ऐकलं असं वाटंल त्याला, शरमंल. त्यानं माज्या तोंडावर म्हनावं, मग मी बोलन."

"काय सांगायचं व्हतं?"

"तुजा जलम वाटंवरचा हाय. पाथरीच्या शिवारात खतासाठी मेंढरं बसवायला नेली व्हती तवाचा. माळावर वारं असं सुटलं व्हतं की उभं राहू दीना. त्याच दिशी एक मेंढीबी याली. नानानं घोंगडीची झोळी केली अन् तुला घातलं तिच्यात. कोकरू माज्या हातात दिलं. मी बाळंतीन, कोकरू पोटाशी धरून चालले त्याच्या मागं." त्या थांबल्या. मग अगदी साधेपणानं, रोजचं काही सांगावं तसं म्हणाल्या, "ती जागा आदी तुजीच व्हती बाबा. तू चालाया लागलास, तवा ती कोकराला भेटली."

मी वायर हातात धरून उभा होतो. रामहरी उठून घरात गेला. खुंटीवरची घोंगडी काढून आणली आणि मायपुढं अंथरली. "कशी बांधायचे, दाखव," तो म्हणाला. म्हाळसाबाईंनी टोकं धरली, एक गाठ मारली, मग दुसरी. गाठ लगेच बसली. त्यांनी झोळी त्याच्या हातात दिली. रामहरीनं ती मांडीवर घेतली आणि आत हात घालून बघितलं. ती इतकी लहान होती की त्याचे दोन हात कसेबसे मावले.

त्यानंतर रामहरी संमेलनांना जातो, बोलावलं की जातो. मागून कुणी "बाप होऊ द्या" म्हणून ओरडतं. तो जिनिंगमधल्या बायांच्या खोकल्यावरची कविता म्हणतो. लोक थोडे नाराज होतात. एकदा मी त्याला म्हणालो, "अरे, आता मायनं सांगितलेलं घालून पुरी कर ना ती कविता. शेवट मिळाला तुला, खरा शेवट."

तो म्हणाला, "त्यो शेवट नानानं सांगायचा व्हता, दिनकरराव. मी फकस्त ती एक ओळ म्हनायची व्हती."